साखळी यंत्राची स्पर्धा सप्टेंबरातच घ्यावी
(माझे मत : इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी, चौसाळा)



विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, आमच्या सातवीच्या वर्गाने व्हरांड्यात जे साखळी यंत्र मांडले होते, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले. पुष्कळांना ते पाहताच आले नाही, कारण ते त्या दिवशी उसाच्या फडात होते. आता कारखान्यांचे पट्टे पडले आहेत, गाड्या गावाला परतल्या आहेत आणि पालकसभेच्या निमित्ताने सगळेच शाळेत येत आहात. तेव्हा सगळ्यांसमोर माझे मत मांडण्याची हीच वेळ आहे.

माझे मत एवढेच आहे, की साखळी यंत्राची स्पर्धा पुढल्या वर्षापासून फेब्रुवारीत न घेता सप्टेंबरात, १५ ते १७ तारखेच्या दरम्यान घ्यावी. आम्ही सातवीची मुले जूनमध्ये हायस्कूलला जाऊ. म्हणजे माझा स्वतःचा यात काही फायदा नाही. म्हणूनच मोकळेपणाने लिहिते.

ज्यांनी यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी ते काय असते ते सांगते. साखळी यंत्र म्हणजे अगदी साधे काम मुद्दाम लांबच्या वाटेने करणारे यंत्र. एक वस्तू पडते, ती दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला ओढते, तिसरी चौथीला मोकळे करते आणि असे करत करत शेवटी काम होते. गणपतीत आपण हलते देखावे पाहतो. पण त्या देखाव्याच्या मागे वीज असते, मोटार असते. साखळी यंत्रात तसे नाही. आपण फक्त पहिल्या कडीला बोट लावायचे आणि हात मागे घ्यायचा. पुढचे सगळे कड्यांनी कड्यांचे करायचे. मध्ये हात लावला तर तो डाव बाद.

आमच्या यंत्राला शाळेची घंटा वाजवायची होती. घंटा वाजवायला खरे तर एक हातोडी आणि एक शिपाईमामा पुरे. आम्ही त्यासाठी दहा कड्या केल्या. त्या अशा :

पहिली, उभ्या चिरलेल्या प्लास्टिक पाइपाच्या पन्हळीतून गोटी घरंगळते. दुसरी, गोटी काडेपेट्यांच्या रांगेला धडकते आणि रांग एकामागून एक आडवी होते. तिसरी, शेवटची काडेपेटी पेन्सिलीवर तोललेल्या फूटपट्टीच्या एका टोकावर पडते. चौथी, फूटपट्टीचे दुसरे टोक वर उडते आणि सुतळीत अडकवलेला खिळा निसटतो. पाचवी, खिळा निसटला की वाळूने भरलेला डबा खाली येतो. ही सुतळी शिंप्याकडून आणलेल्या रिकाम्या रिळावरून घेतली आहे. सहावी, डबा खाली येताना दुसऱ्या बाजूची दोरी वर ओढली जाते आणि उलट्या टांगलेल्या बाटलीचे बूच निघते. सातवी, बाटलीतले पाणी करवंटीत पडू लागते. आठवी, करवंटी जड होऊन खाली बसते आणि फळीवरच्या गाड्याची अटक सुटते. नववी, जुन्या चपलेच्या रबराची चाके लावलेला तो गाडा उतारावरून पळतो आणि एका काडीला धडकतो. दहावी, काडी पडली की दोरीला बांधलेला दगड झोका घेऊन घंटेवर आदळतो. टण्ण!

या सगळ्या साहित्यातली एकही वस्तू विकत आणलेली नव्हती, अपवाद फक्त काडेपेट्यांचा. त्याही पुन्हा ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या.

अशा यंत्रांची कल्पना जगात ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अमेरिकेतले रूब गोल्डबर्ग. त्यांचा जन्म ४ जुलै १८८३ रोजी सॅन फ्रान्सिस्को या शहरी झाला. ते शिकले अभियंत्याचे. १९०४ मध्ये पदवी घेऊन ते शहराच्या पाणी आणि गटार खात्यात लागले. पण तिथे त्यांचे मन रमेना. सहाच महिन्यांत नोकरी सोडून ते वर्तमानपत्रात चित्रे काढू लागले. त्यांच्या चित्रांत एक प्रोफेसर असायचे आणि त्या प्रोफेसरांची अजब यंत्रे असायची. १९३१ सालचे त्यांचे एक चित्र फार प्रसिद्ध आहे. माणूस सूप पिताना चमचा तोंडाकडे नेतो, त्याने दोरी ओढली जाते, दोरीने बिस्किट उडते, बिस्किटामागे पोपट झेपावतो, पोपट उडाल्याने दाणे बादलीत पडतात, बादली जड होते, लायटर पेटतो, बाण सुटतो, विळा दोरी कापतो आणि शेवटी एक रुमाल झुलत येऊन त्या माणसाची हनुवटी पुसतो! हनुवटी पुसायला एवढा खटाटोप. गुरुजींनी हे चित्र फळ्यावर काढून दाखवले तेव्हा सारा वर्ग हसून लोटपोट झाला.

गोल्डबर्ग यांनी ही यंत्रे फक्त कागदावर काढली. खरी करून बघायची हौस पुढच्या लोकांना आली. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी १९४९ मध्ये अशा यंत्रांची स्पर्धा सुरू केली. मध्यंतरी ती बंद पडली होती. १९८३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९८८ पासून त्या सबंध देशाची झाली. २०११ सालच्या स्पर्धेत काम दिले होते रोपाला पाणी घालण्याचे, आणि पर्ड्यूच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी २४४ कड्यांचे यंत्र केले. आमच्या दहा कड्या ऐकून कुणाला हसू आले असेल तर त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की ते कॉलेजात शिकणारे मोठे लोक होते आणि आम्ही चौसाळ्याची लेकरे आहोत.

आपल्याकडेही टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारे थोर लोक आहेत. श्री. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात नोकरी करत असताना ते खेड्यातल्या शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कामाकडे वळले. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकाम्या बाटल्या, जुन्या चपला, यांतून त्यांनी शेकडो खेळणी केली. पुण्याला आयुका ही खगोलशास्त्राची मोठी संस्था आहे. तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे फुकटची वस्तू म्हणून विज्ञानही हलके, असे मुळीच नाही.

आता मुद्द्याकडे येते. यंत्र बघायला आलेले एक काका म्हणाले, "लेकरं काय खेळायलीत हे? गोट्या खेळून का पोट भरतंय? त्यापेक्षा पाढे तरी म्हणा." काकांचा राग मी समजू शकते. शाळेत पोरं शिकायला पाठवायची आणि तिथे गोट्या दिसल्या तर कुणालाही तसेच वाटेल. पण मला वाटते, की हा खेळ असला तरी पोकळ खेळ नाही.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपल्यापैकी काहींनी सहलीला पाहिली असेल. लांबच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येते, उंचावरून पडते, पडता पडता चक्राची पाती फिरवते, चक्राने जाते फिरते आणि जात्याखाली पीठ पडते. शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे साखळी यंत्रच नाही का? फरक एवढाच, की तिथे एकही कडी उगीच नाही.

दुसरे उदाहरण सर विश्वेश्वरय्या यांचे. ते कर्नाटकातले. पण अभियांत्रिकी शिकले आपल्या पुण्यात, आणि १८८३ मध्ये तिथूनच उत्तीर्ण झाले. योगायोग पाहा, त्याच वर्षी तिकडे गोल्डबर्ग जन्मले. विश्वेश्वरय्यांनी पुढे पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. ते साल होते १९०३. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की दरवाजे आपसूक उघडायचे, पाणी उतरले की आपसूक मिटायचे. रात्री-अपरात्री पुरात कुणी माणसाने जाऊन ते उघडण्याची गरज नव्हती. पाणी चढणे ही पहिली कडी आणि दरवाजा उघडणे ही शेवटची. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता जास्त पाणी साठवता आले. आपल्यासारख्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला जास्त पाणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही.

आणि काकांनी पाढे म्हणायला सांगितले, तर या यंत्रात गणितही आहे. गुरुजींनी आम्हाला एक हिशेब घातला होता. समजा, यंत्रातली प्रत्येक कडी दहापैकी नऊ वेळा नीट चालते. ऐकायला किती छान वाटते! दहापैकी नऊ म्हणजे पहिला नंबरच. पण अशा दहा कड्या एकापुढे एक जोडल्या तर सगळे यंत्र शंभर वेळांपैकी किती वेळा शेवटपर्यंत जाईल? आम्हाला वाटले, नव्वद वेळा. गुरुजी म्हणाले, गुणाकार करून बघा. नऊ दशांश गुणिले नऊ दशांश, असे दहा वेळा करायचे. उत्तर आले सुमारे ३५. म्हणजे शंभरात पस्तीस वेळाच घंटा वाजणार, आणि पासष्ट वेळा कुठे तरी गाडे अडणार! मग प्रत्येक कडी आणखी सुधारली, वीसपैकी एकोणीस वेळा चालेल अशी केली, तर? उत्तर आले सुमारे ६०. प्रत्येक कडीत एवढीशी सुधारणा, आणि सबंध यंत्रात जवळजवळ दुप्पट फरक. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार कशासाठी शिकायचा, हे मला त्या दिवशी कळले.

या हिशेबातूनच माझा खरा मुद्दा निघतो. कडी सुधारायची म्हणजे ती पुन्हा पुन्हा करून पाहावी लागते. त्याला वेळ लागतो आणि हात लागतात. एक जण गोटी सोडतो, एक जण पडलेल्या काडेपेट्या उभ्या करतो, एक जण बाटली भरतो, एक जण वहीत लिहून ठेवतो की कितव्या वेळी कुठे अडले. फेब्रुवारीत आमच्याकडे यातले काहीच पुरेसे नव्हते. वार्षिक परीक्षा जवळ आलेली, आणि वर्गातली जवळजवळ निम्मी बाके रिकामी.

ती बाके रिकामी का होती, हे या गावात कुणाला वेगळे सांगायला नको. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी सातारा, कुणी पार कर्नाटकात. आई आणि बाप मिळून एक कोयता. मग लेकरू कुणाकडे ठेवायचे? ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत, त्यांची मुले गावात राहतात. हंगामी वसतिगृहाचा आधारही काही जणांना मिळतो. पण सगळ्यांचे तसे जमत नाही. लहान भावंडाला सांभाळायला कुणी तरी लागते, आणि ते कुणी तरी बहुतेक वेळा आमच्याच वर्गातली मुलगी असते.

माझ्या बाकावरची मैत्रीण अशीच गेली. तिचे नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही. पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. सप्टेंबरात गुरुजींनी सराव म्हणून प्रत्येक गटाला तीन कड्यांचे छोटे यंत्र करायला सांगितले होते. तेव्हा वर्ग भरलेला होता. आमच्या गटाला बाटलीचे बूच दोरीने ओढून काढायचे होते आणि ते काही केल्या निघत नव्हते. सरळ वर ओढले की बाटलीच उचलली जायची. तेव्हा ती म्हणाली, "आगं, सरळ नको ओढू. दोरी एका अंगाला लाव, म्हंजे बूच आधी तिरपं हुईल आन् मग निघंल." तिने दोरीची गाठही निराळी मारली. उसाच्या गाडीवर मोळ्या आवळताना तिचे वडील जशी मारतात तशी. बूच पटकन निघाले. वर्गातल्या कुठल्याही पुस्तकात ती गाठ नाही.

फेब्रुवारीत मोठ्या यंत्रात तीच कडी सहावी म्हणून घेतली. विज्ञान दिनाला सगळ्यांसमोर यंत्र पहिल्या वेळी अडले ते तिथेच. दोरी ताणली, डबा अर्ध्यात लोंबकळत राहिला, बूच हलेना. दुसऱ्या वेळी घंटा वाजली आणि टाळ्याही पडल्या. पण ज्या मुलीला त्या गाठीचे मर्म माहीत होते, ती त्या वेळी शेकडो किलोमीटरवर कोपीत धाकट्या भावाला झोका देत होती. आपण केलेली कडी चालताना तिने पाहिलीच नाही. मला हे बरोबर वाटत नाही.

यात कुणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. २८ फेब्रुवारी ही तारीख कुणी आमच्यासाठी मुद्दाम निवडलेली नाही. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी प्रकाशाविषयीचा आपला शोध जाहीर केला, त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९८७ पासून तो दिवस सबंध देशात विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. तो पाळलाच पाहिजे. पण देशाचा दिवस आणि आपल्या गावाचा हंगाम जुळत नसेल, तर आपणच थोडे सरकून घ्यायला काय हरकत आहे?

आता कुणी विचारील, की जी मुले जातात त्यांचे सगळेच बुडते. कविता बुडतात, गणिते बुडतात, भूगोल बुडतो. मग एका यंत्राचेच एवढे काय घेऊन बसलीस? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. त्याचे उत्तर मला असे सापडले. कविता पुस्तकातून नेता येते. गणिताची वही कोपीतही उघडता येते, कंदिलाच्या नाहीतर मोबाईलच्या उजेडात दोन उदाहरणे सोडवता येतात. आल्यावर गुरुजी राहिलेला धडा समजावून देतात. पण साखळी यंत्र पिशवीत घालून नेता येत नाही. ते एकट्याने होत नाही. ते झाल्यावर मागाहून शिकवताही येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की जे एकट्याला करता येते ते केव्हाही ठेवा. पण ज्याला सगळ्यांचे हात लागतात, ते सगळे गावात असतील तेव्हाच ठेवा.

मग सप्टेंबरच का? त्याला तीन कारणे आहेत.

एक, त्या महिन्यात वर्ग भरलेला असतो. जून-जुलैमध्ये नवी पुस्तके आणि नवे वर्ग यांतच दिवस जातात. ऑक्टोबरात दसरा-दिवाळीची आणि जाण्याची तयारी सुरू होते. ऑगस्ट आणि सप्टेंबर हाच काळ असा, की हजेरीपटावरची नावे आणि बाकावरची मुले सारखी असतात.

दोन, १५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८६१ चा. हा दिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळतात. यंत्राच्या स्पर्धेला याहून योग्य दिवस कोणता? रामन यांचे संशोधन प्रकाशाचे होते. गोटी, दोरी, रीळ आणि पाणी हे तर अभियंत्याचेच काम.

तीन, १७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ मध्ये त्या दिवशी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि आपला बीड जिल्हाही त्याबरोबर स्वतंत्र झाला. त्या दिवशी झेंडावंदनाला गावातली माणसे शाळेत येतातच. तेव्हा झेंडावंदन झाल्यावर व्हरांड्यात यंत्रे मांडावीत. म्हणजे पालकांना वेगळा दिवस मोडावा लागणार नाही, मजुरी बुडणार नाही, आणि जे आई-बाप फेब्रुवारीत कधीच येऊ शकत नाहीत, त्यांना आपल्या लेकराचे काम डोळ्यांनी पाहता येईल.

याच्या विरुद्ध काय म्हणता येईल तेही लिहिते. कुणी म्हणेल, सप्टेंबरात पाऊस असतो. खरे आहे, आणि येवोच बाबा तो! यंत्र व्हरांड्यात मांडायचे आहे. काडेपेट्या ओल्या झाल्या तर लाकडाचे ठोकळे घेता येतील. कुणी म्हणेल, त्या वेळेपर्यंत पुस्तकातला तो भाग शिकवून झालेला नसतो. पण माझ्या मैत्रिणीने बूच काढले तेव्हा तरी कुठला भाग शिकवून झाला होता? आधी हाताने कळले तर मग पुस्तकातला धडा लवकर कळतो, हा माझा अनुभव आहे. तरफ हा शब्द मला पूर्वी पाठ होत नव्हता. पेन्सिलीवरची फूटपट्टी शंभर वेळा उडवल्यावर तो विसरायचे म्हटले तरी विसरत नाही. आणखी कुणी म्हणेल, मग विज्ञान दिनाला करायचे काय? त्या दिवशी करण्यासारखे पुष्कळ आहे. रामन यांच्याविषयी निबंध आहे, भिंगाचे आणि काचेच्या लोलकाचे प्रयोग आहेत. शिवाय गावात राहिलेल्या मुलांनी सप्टेंबरातले यंत्र पुन्हा मांडून आणखी दोन कड्या वाढवून दाखवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. स्पर्धेची तारीख बदलली म्हणून कुणाच्या हातातला कोयता सुटणार नाही. मुले जायची ती जातीलच. त्याचा उपाय शाळेकडे नाही, तो मोठ्यांनी आणि सरकारने करायचा आहे. पण आपल्या हातात जेवढे आहे तेवढे तरी आपण करावे. तारीख बदलायला पैसा लागत नाही, परवानगीचा मोठा कागद लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत हे होण्यासारखे आहे.

जाता जाता तीन लहान सूचना करते.

पहिली, गट पाडताना बाहेर जाणारी मुले आणि गावात राहणारी मुले एकाच गटात ठेवावीत. म्हणजे एकाची युक्ती दुसऱ्याजवळ राहील. आमची गाठ हरवली तशी दुसऱ्या कुणाची हरवणार नाही.

दुसरी, प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. यंत्र किती वेळा लावले, कितव्या कडीला अडले, काय बदलले, हे रोज लिहावे. गुण देताना घंटा वाजली की नाही एवढेच न पाहता ही वहीही पाहावी. ज्याचे यंत्र चाळीस वेळा अडले आणि एकेचाळिसाव्या वेळी चालले, त्याने पहिल्या फटक्यात चाललेल्यापेक्षा कमी शिकलेले नसते.

तिसरी, मुलींनी रांगोळी काढायची आणि मुलांनी खिळे ठोकायचे, अशी वाटणी करू नये. रांगोळी सगळ्यांनी काढावी आणि खिळेही सगळ्यांनी ठोकावेत.

पालकहो, आपण घरी चहात साखर टाकतो. ती साखरही एका लांब साखळीतून येते. कुणी ऊस लावतो, कुणी तोडतो, कुणी मोळी बांधतो, कुणी डोक्यावरून गाडीत चढवतो, मग कारखान्यात रस निघतो, रसाची साखर होते, पोते दुकानात येते. या साखळीत आमच्या वर्गातल्या मुलांचे आई-बाप अगदी सुरुवातीच्या कडीला उभे असतात. एखाद्या दिवशी त्यांनी कोयता खाली ठेवला तर पुढचे सगळे थांबेल. यंत्र करताना आम्ही हेच शिकलो, की कडी पहिली असो की दहावी, लहान असो की मोठी, ती जागेवर नसेल तर घंटा वाजत नाही. मग एवढ्या साऱ्या मुलांना बाजूला ठेवून केलेल्या यंत्राला आपण साखळी म्हणावे तरी कसे?

माझ्या मैत्रिणी आणि मित्र आता परत आले आहेत. परवा मधल्या सुट्टीत ती गाठ मी तिच्याकडून शिकून घेतली आणि आमच्या गटाच्या वहीत तिचे चित्रही काढून ठेवले आहे. ती वही आम्ही सहावीच्या वर्गाला देणार आहोत. सहावीच्या मुलांनो, सप्टेंबर यायला अजून अवकाश आहे. आतापासून रिकामी रिळे, फुटक्या पन्हळी आणि जुन्या चपला जमवायला लागा. आणि पालकहो, समितीच्या बैठकीत हा विषय निघेल तेव्हा आपण हजर राहावे आणि आपले मत सांगावे, ही नम्र विनंती. माझे मत चुकीचे वाटले तर तेही याच भित्तिपत्रकात लिहून द्यावे. पुढच्या अंकात जागा आहे.